तांबड्या कापडाचं श्रेय

“पडद्यावर सरिताचं नाव येईपर्यंत कोणी खुर्चीवरून उठायचं नाही,” अकोसुआताईंनी थिएटरच्या दारातच सगळ्यांना दम भरला. “आधी नाव वाचायचं, मग टाळ्या, मग टॉयलेट.”

त्यांच्या चर्चच्या अकरा जणी खळखळून हसल्या. शनिवारचा दुपारचा खेळ होता, पण बायका नटल्या होत्या लग्नाला निघाल्यासारख्या. पिवळीधमक कापडं, लेसचे झगे, डोक्याला बांधलेले कडक फेटे. मागच्या रांगेत बसणाऱ्याला सिनेमा दिसणार कसा, याची काळजी कोणालाच नव्हती. त्यांच्या मधोमध सरिता रणपिसे आपल्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत अवघडून उभी होती. साडी अकोसुआताईंनीच हट्टानं नेसायला लावली होती. कोणी काही विचारायच्या आत त्या प्रत्येकीला सांगत होत्या, “ही तिची लग्नाची साडी आहे. यांच्यात नवरी पांढरं नेसते.”

‘ताई’ हे शेपूट सरितानं लावलेलं. अकोसुआताई मूळच्या घानातल्या कुमासीच्या, इथे ऑकलंडला वृद्धाश्रमात नर्स, आणि माउंट रॉस्किल उपनगरात सरिताच्या कुंपणापलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या. दोघींचं बोलणं इंग्रजीतच चाले, एकीचं पुण्याच्या वळणाचं, दुसरीचं कुमासीच्या. गोऱ्या माणसाला दोघींपैकी एकीचंही धड कळत नसे, पण त्यांना एकमेकींचं बरोबर कळे.

सहा वर्षांपूर्वी अकोसुआताई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो पाहिला होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात मराठी मंडळातली निवेदिता त्याच फोटोसमोर उभी राहून म्हणाली होती, “अगंबाई, लग्नात पांढरं? आमच्याकडे नाही हं चालत.” सरिताच्या कानाची पाळी तापली होती. बौद्ध पद्धतीचं लग्न म्हणजे काय, हे चहा गाळता गाळता किती वेळा समजावून सांगायचं? अकोसुआताईंनी मात्र फोटो नीट न्याहाळला आणि विचारलं, “तुमच्याकडे पांढऱ्याचा अर्थ काय होतो?” सरितानं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही पांढरं आनंदाचंच.” एवढ्यावर दोघींची मैत्री जमली.

दिवे मालवले. अकोसुआताईंनी आपली पर्स सरिताच्या मांडीवर ठेवली आणि पॉपकॉर्नचा डबा हातात घेतला.

सिनेमा होता उडणाऱ्या, पहाड फोडणाऱ्या एका आफ्रिकन राजाचा. त्याचे कपडे ऑकलंडात शिवले गेले होते आणि शिवणाऱ्यांत सरिता होती. आठ वर्षं ती त्या कॉस्च्युम वर्कशॉपमध्ये मशीनवर बसत होती. झिप, अस्तर, काज. तिचं नाव तिथे कोणाला धड घेता येत नसे. सगळे ‘सॅरी’ म्हणत, आणि ती ओ देई.

पडद्यावर राजवाडा आला. एका तरुणानं म्हातारीपुढे वाकून हात पुढे केला, तशी मागून कोणी तरी म्हणालं, “बघ! उजवाच हात! बरोब्बर!” ढोल वाजले, आणि अकोसुआताईंच्या खांद्यांनी बसल्या जागी ठेका धरला. “ऐकतेस ना?” त्या कुजबुजल्या. “आमच्या गावचा ढोल आहे हा. या वेळी त्यांनी विचारून केलंय सगळं.”

सरिता हसली. खूप बरं वाटलं तिला. पुढे लग्नाचा प्रसंग होता, आणि त्याचीच ती सकाळपासून वाट पाहत होती.

तो प्रसंग वर्कशॉपमध्ये दोन महिने अडला होता. मुख्य डिझायनरबाईंना काही पसंत पडेना. “मला ऑथेंटिक हवंय,” त्या टेबलावर हात आपटून म्हणत, “इंटरनेटवरचं नको.” घानातले सल्लागार ईमेलला चार चार दिवसांनी उत्तर देत, आणि तारीख तर जवळ येत चाललेली. त्याच दिवसांत एका रविवारी अकोसुआताईंनी सरिताला एक फेटा शिवायला द्यायचा म्हणून सुटकेस उघडली. तळाशी मलमलीत गुंडाळलेलं, डांबराच्या गोळ्या घातलेलं एक कापड निघालं. गडद तांबडं, त्यावर काळे ठसे. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला आणि त्या धावल्या. सरितानं फोन काढला. पटापट चार फोटो. एक काठाचा, एक ठशांचा, दोन अख्ख्या कापडाचे. चोरून काढतोय, हे तिचं तिला कळत होतं. कळत नसतं, तर पावलं वाजल्यावर फोन ओढणीखाली गेलाच नसता.

अकोसुआताईंनी ते कापड हळूच घडी करून ठेवलं. “एकदाच नेसले मी हे,” एवढंच म्हणाल्या.

मलमल, डांबराच्या गोळ्या, लाल रंग, एकदाच नेसलेलं. सरिताच्या डोक्यात शालूच आला. पुण्यातल्या शेजारच्या सुलेखाकाकूंचा लाल शालू लहानपणापासून तिनं असाच ट्रंकेच्या तळाशी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी डिझायनरबाईंनी फोटो मोठे करून भिंतीवर लावले. “हे कधी वापरतात?”

“लग्नात,” सरिता म्हणाली. “माझ्या शेजारणीचं आहे.”

सल्लागारांना एकदा विचारू या, असं कोणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, वेळ नाही, आणि सरिता सांगतेय ना. सरिता! पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण नाव घेतलं होतं. त्या दिवशी तिला मशीनवरून उठवून मोठ्या टेबलाशी बसवलं. घरी हे सांगितलं, तेव्हा लेकीनं, आरुषीनं, मोबाइलमधून डोकं वर काढलं. “मम्मी, डिड यू ईव्हन आस्क हर?”

“विचारलंय गं,” सरिता म्हणाली, आणि पोळी उलटली.

पडद्यावर आता पहाट झाली. राजवाड्याचे दरवाजे उघडले आणि दोनशे जण नाचत बाहेर आले, सगळे तांबड्या कापडात. राजाची नवरीही तांबड्यातच होती. सरितानं मोठ्या उत्सुकतेनं शेजारी पाहिलं.

अकोसुआताईंचे खांदे थांबले होते.

मागे कोणीतरी त्यांच्या भाषेत एक शब्द उच्चारला. पॉपकॉर्नचा आवाज बंद झाला. मग एक जण अर्धवट हसली आणि इंग्रजीत म्हणाली, “अगं बाई, हे तर मयताचं कापड! नवरीला मयताचं नेसवलंय!”

“विचारलं होतं म्हणे यांनी,” दुसरी म्हणाली.

अकोसुआताई पुढे झुकल्या. कॅमेरा नवरीच्या पदराजवळ गेला होता. काठावर ठशांची रांग, आणि रांगेतला एक ठसा उलटा. पुढच्या बाईच्या काठावरही तोच ठसा उलटा. तिच्या मागच्या बाईचाही. दोनशे कापडांवर एकच चूक. वर्कशॉपला ऑथेंटिक हवं होतं, म्हणून ती कोणी दुरुस्त केली नव्हती.

अकोसुआताई सावकाश मागे टेकल्या.

“तू त्यांना काय सांगितलंस?” त्यांनी पडद्याकडेच पाहत विचारलं.

“लग्नाचं आहे, असं.” सरिता पुटपुटली.

“माझ्या नवऱ्याच्या मयताला नेसले होते. ठसे माझ्या सासऱ्यांनी उमटवले. स्वतःच्या मुलासाठी. एक ठसा उलटा पडला त्यांच्या हातून.” मग त्या सरिताकडे वळल्या. “मला का नाही विचारलंस?”

काय सांगणार? वेळ नव्हता? खोटं. माहीत नव्हतं? तेही पुरतं खरं नव्हतं. विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि मग सरिता पुन्हा सॅरी होऊन काजं करत बसली असती. म्हणून नव्हतं विचारलं. एका रंगाचा अर्थ लोक आपल्या सोयीनं लावतात, तेव्हा कसं वाटतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तेच तिनं केलं होतं, तेही निवेदितानं केलं त्याच्या कितीतरी पट. निवेदिता निदान तोंडावर तरी बोलली होती. सरिताला स्वतःची लाज वाटली. इतकी, की अंगावरची पांढरी साडीसुद्धा उसनी वाटू लागली.

“सॉरी, ताई,” ती म्हणाली. ढोलांच्या आवाजात ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

राजानं पहाड फोडला, शत्रू मेला, सिनेमा संपला. नावं सरकू लागली, शेकड्यांनी, बारीक अक्षरांत. लोक उठून गेले. मागच्या रांगेतल्या दोघी उठल्या.

“बसा,” अकोसुआताई म्हणाल्या.

“अकोसुआ, आता कशाला?”

“मी शब्द दिलाय. बसा.”

दोघी बसल्या. सफाईवाली झाडू घेऊन आली आणि तेरा बायका बसलेल्या बघून दाराशीच थांबली. नाव येऊच नये, अशी सरिता मनातल्या मनात विनवणी करत होती. गाडीचालकांची नावं गेली, जेवणवाल्यांची गेली, शिवणकाम करणाऱ्यांची गेली. त्या यादीत ती नव्हती. तिचं नाव वेगळं होतं, त्याच्या खाली, एकटंच. आफ्रिकन वस्त्रांचं संशोधन: सरिता रणपिसे.

“सरिता रणपिसे,” अकोसुआताईंनी मोठ्यानं वाचलं. ‘ण’सकट, अगदी स्वच्छ. कुंपणाशी उभं राहून कितीतरी दिवस त्यांनी त्या नावाचा सराव केला होता.

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा वेळानं मागच्यांनीही वाजवल्या, हळू हळू, एकेकीनं. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून सरिता मान खाली घालून बसून राहिली. टाळ्या थांबल्यावर अकोसुआताई उठल्या, तिच्या हातांतून त्यांनी आपली पर्स काढून घेतली आणि सफाईवालीला वाट देत बाहेर पडल्या.