मुठीत मावेल असा चाकू

कमरेला हात लागला तेव्हा स्मिता ओरडली नाही. नंतर कितीतरी दिवस तिला धक्का बसत राहिला तो याचाच. मागून मोटरसायकल आली, वेग कमी झाला, एका हाताने तिची कंबर घट्ट दाबली आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. हेल्मेटच्या आत तो माणूस काहीतरी गुणगुणत होता. गुणगुणत. स्मिता ब्रेस्ट पंपाची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. ऑफिसच्या कॉलवर परदेशी क्लायंटला मध्येच थांबवणारी ही बाई, पण घशातून साधा ‘ए’सुद्धा निघाला नाही.

के. आर. पुरमच्या त्यांच्या गल्लीत पाइप टाकायला खणून ठेवलं होतं, त्यामुळे ऑफिसची कॅब मोठ्या रस्त्यावरच सोडून जायची. तिथून पुढे एका हाताला खड्डा, दुसऱ्या हाताला रेल्वेची लांबच लांब भिंत आणि मधून चालायला फळ्या. दिवे होते, पण त्यातले निम्मे पेटत नव्हते. गल्लीच्या शेवटी घर. वर भाड्याने स्मिता, खाली घरमालक जयसिंगराव आणि त्यांच्या पत्नी अंबुबाई. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचं घराणं इकडे कानडी मुलखात आलं, ते इथलंच झालं. नागपूरहून आलेल्या स्मिताला त्यांचं कानडीत मुरलेलं मराठी सुरुवातीला गमतीचं वाटायचं. आता तिचा लहानगा राजससुद्धा त्यातच हुंकार द्यायला शिकत होता, कारण दिवसभर तो अंबुबाईंच्याच मांडीवर असायचा.

त्या संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा अंबुबाई त्याला रव्याची खीर भरवत होत्या.

“उशीर झाला गे?”

“चप्पल तुटली, अक्का.”

अंबुबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला धडधाकट होत्या. “सरी, बरं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि राजसला तिच्याकडे दिलं. राजसने खिरीचं तोंड तिच्या मानेत खुपसलं. स्मिताने त्याला जरा जास्तच घट्ट धरलं आणि त्याने वैतागून तिच्या नाकावर चापट मारली.

तिचा नवरा शंतनु प्रोजेक्टसाठी पुण्यात होता. फोनवर तो आधी पोलिसांत जा म्हणाला, मग गाडीचा नंबर विचारला. नंबर तिने पाहिला नव्हता.

“सोडू का नोकरी?” स्मिताने विचारलं.

“तुझं तू ठरव,” तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, पण तिला ते टोचलं. बाळंतपणाच्या रजेनंतर ऑफिसात पुन्हा पाय ठेवायला तिने किती मन घट्ट केलं होतं. महादेवपुऱ्यातल्या त्या काचेच्या इमारतीत रोज एका बंद खोलीत बसून ती बाटलीत दूध काढत होती. हे सगळं एका गल्लीपायी सोडायचं? आणि नाही सोडलं तर रोज त्याच फळ्यांवरून कसं चालायचं? प्रश्न एवढाच होता, पण तो रोज संध्याकाळी कॅबमधून उतरतानाच उभा राहायचा.

दोन दिवसांनी शंतनुने लिंका पाठवायला सुरुवात केली.

“स्प्रे नको. वारा उलटा असला तर तुझ्याच डोळ्यांत जाईल. हा बघ, घडीचा चाकू. साडेचार स्टार.”

“कसले स्टार? लोकांनी भोसकून बघून रिव्ह्यू लिहिलेत का?”

“एकाने लिहिलंय, हापूस छान कापतो.”

ती बऱ्याच दिवसांनी हसली. मग दोघं चाकूच्या मागेच लागले. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा खटका हवा, नाहीतर ते आपल्याच बोटांवर मिटतं. एका हाताने उघडायला हवा, कारण दुसऱ्या हातात पिशवी. बाहेर चमकणारा नको. मोबाइल घेतानाही त्यांनी एवढी चर्चा केली नव्हती. खालच्या मजल्यावर मात्र तिने अवाक्षर काढलं नाही. अंबुबाई म्हणतील, कशाला गे नोकरी, लेकराला सांभाळ. आणि त्यांनीच राजसला सांभाळायला नकार दिला तर सगळंच संपलं.

पुढच्या आठवड्यात तिला पावलं ऐकू यायला लागली.

कॅबमधून उतरून ती भिंतीशी वळली की मागे चपलांचा आवाज यायचा. ती थांबली की तोही थांबायचा. एकदा तिने धीर करून मागे पाहिलं, तर बंद दिव्याखाली कोणीतरी उभं होतं, डोक्याला मफलर गुंडाळलेला. ती जवळजवळ पळत घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शंतनुला तिने हे सांगितलं नाही. शंतनुने मागवलेल्या चाकूच्या पार्सलची वाट न बघता शनिवारी राजसला पोटाशी बांधून ती चिकपेठेच्या बाजारात गेली.

दुकानदाराचं नाव गिरीराज. तो हिंदीत बोलायचा आणि मध्येच कानडीत शिरायचा.

“फळं कापायला, मॅडम, की ट्रेकिंगला?”

“ट्रेकिंगला.”

त्याने राजसकडे पाहिलं. “छोटे साहेब पण चढणार?”

काचेवर मखमल पसरून त्याने चाकू मांडले. एक त्याने उचलून पुढे केला, पण स्मिताने हात मागे घेतला. धारेची वस्तू हातातून हातात घेतली की भांडण होतं, हे आईने अंगात इतकं भिनवलं होतं की चिकपेठेतल्या अनोळखी माणसाशीसुद्धा भांडण नको वाटलं. गिरीराजने हसून चाकू खाली ठेवला, मग तिने तो घेतला. जड होता. दुसऱ्याला उघडायला नख लावावं लागत होतं आणि तिची नखं राजसला लागतील म्हणून बारीक कापलेली. तिसरा गुलाबी.

“लेडीज स्पेशल. खूप जातो.”

पातं हलवलं तर ते मुठीत डुगडुगत होतं. “लेडीजला तुटका चालतो का?” तिने विचारलं. तो ओशाळून दुसरे काढायला वळला.

“मुठीत मावेल असा द्या,” ती म्हणाली.

शेवटी मिळाला तो काळा होता, पातं तिच्या मधल्या बोटाएवढं. पात्याच्या बुडाशी बटणासारखं बारीक बोंडूक होतं. अंगठ्याने ते सारलं की खट्‌ करून पातं बाहेर. तो आवाज ऐकून राजस खदखदून हसला. तिने पुन्हा उघडला, तो पुन्हा हसला. गिरीराजही हसला, म्हणाला, साहेबांना पसंत आहे. स्मिताने मात्र चाकू मिटून कागदात बांधून मागितला.

घरी राजस झोपला की ती बाथरूममध्ये नळ सोडून सराव करायची. खट्‌, मीट, खट्‌, मीट. शंतनु व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “मनगट वळव जरा,” जसं काही तो जन्मभर हेच करत आला होता. ऑफिसच्या दारात पिशव्या तपासायचे, पण पंपाची पिशवी कोणी उघडत नसे. तिथली पहारेकरीण चेन अर्धी ओढायची, बाटल्या दिसल्या की लाजून बंद करायची. चाकू त्या बाटल्यांच्या खाली, दुधाच्या वासात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तिला थोडी हुशारीही आली. पावलं यायची, पण ती आता पळायची नाही. ओढणीखाली मूठ, मुठीत चाकू, अंगठा बोंडकावर.

त्या संध्याकाळी गार वारा सुटला होता. कॅब सोडून गेली. फळ्यांवर ती एकटीच होती आणि मागे चपला होत्या. रोजच्यापेक्षा जवळ. तिने पाय उचलला, त्यांनीही उचलला. समोरून एक मोटरसायकल दिवा टाकत आली, स्मिता भिंतीला चिकटली, गाडी खड्ड्याच्या कडेने घासून निघून गेली. त्या गडबडीत मागची पावलं अगदी पाठीशी आली आणि कोणीतरी तिची वेणी धरून ओढली.

या वेळी ती ओरडली. ओरडायच्या आधीच हात फिरला होता. खट्‌ झालेलं तिला ऐकूसुद्धा आलं नाही. कापड फाटलं, मग पातं कशात तरी मऊ शिरून सरकत गेलं, आणि समोर मफलर होता, मफलरच्या खाली जयसिंगराव होते, आणि त्यांच्या कडेवर तिचा राजस होता. राजसच्या मुठीत तिच्या वेणीचे दोन-चार केस. आईने फिरून पाहिलं याचा त्याला इतका आनंद झाला की तो दोन्ही पाय झाडत हसत होता. जयसिंगरावांचा हात त्याच्या तोंडासमोर आडवा होता आणि कोपरापासून खाली बाही काळी होत चालली होती.

“तू धर याला,” ते म्हणाले.

तिचा हात पुढे होईना. हातात चाकू होता, तो सोडता येत नव्हता, बोटंच उघडेनात. दोघं-तिघं जण जमले. जयसिंगरावांनी राजसला छातीशी तसाच धरून जखमी हाताने तिच्या मुठीतून चाकू सोडवला, मांडीवर दाबून मिटवला आणि खिशात टाकला. लोकांना म्हणाले, “एन इल्ल, एन इल्ल. काही नाही. पत्रा लागला स्वल्प.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. टाके घालताना ते छताकडे बघत राहिले. स्मिता बाकावर बसली होती आणि राजस नर्सच्या कडेवर. नर्स त्याला आणून द्यायला लागली की स्मिता मान हलवायची. माझ्याकडे नको.

“तुम्ही रोज... मागे?” तिने शेवटी विचारलं.

“तिने सांगितलं होतं,” जयसिंगराव म्हणाले. ‘तिने’ म्हणजे अंबुबाईंनी. “पोर भ्यालीय, आणायला जा. तिला कळू देऊ नको, लाजेल. म्हणून मी लांबून. आज हा रडत होता, म्हटलं आई दाखवतो.”

“हाक का नाही मारली, अण्णा? एकदा नुसती हाक.”

ते अवघडले. टाक्यांपेक्षा या प्रश्नाने जास्त अवघडले. “आमच्यात लेकीसुनेला रस्त्यात नावाने हाक मारत नाहीत गे,” ते म्हणाले. “चार लोकांत तुझं नाव कशाला?”

स्मिताला हसू फुटलं की रडू, तिलाच समजलं नाही. जे निघालं ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी द्यायला सांगितलं.

घरी अंबुबाई दारात होत्या. त्यांनी आधी पट्टी बांधलेला हात पाहिला, मग स्मिताचा चेहरा. जयसिंगरावांनी पत्र्याची गोष्ट सुरू केली. “पत्रा कुठला,” त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशात हात घालून चाकू काढला, बघितला आणि ओट्यावर भांड्यांच्या मागे ठेवून दिला. मग जयसिंगरावांना आतल्या खोलीत नेऊन झोपवलं आणि दार लोटून बाहेर आल्या.

स्मिता भिंतीला टेकून खाली बसली होती. बोलायचं होतं ते सगळं तिने वाटेत जुळवलं होतं, की घर सोडते, नोकरी सोडते, तुम्ही म्हणाल ते. त्यातलं काहीच आठवेना. राजस आता भुकेने रडत होता.

“घे त्याला,” अंबुबाई म्हणाल्या.

“माझ्या हाताचा भरवसा नाही, अक्का.”

“हाताला कोण विचारतंय? कुडता भिजलाय तुझा.”

तिने खाली पाहिलं. दूध आलं होतं, दोन्हीकडून, कधीपासून कोण जाणे. अंबुबाईंनी राजसला तिच्या मांडीत ठेवलं आणि त्याने स्वतःच काम सुरू केलं, डोळे मिटून, एक हात तिच्या पोटावर थोपटत. स्मिताने त्याचे पाय तपासले. मोजे काढून प्रत्येक बोट. मानेच्या वळ्या, कानामागे, हनुवटीखाली. काही नव्हतं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. तिने श्वास सोडला आणि त्याच्या हाताकडे वळली.

गार वारा सुटला म्हणून अंबुबाईंनी त्याला पिवळा स्वेटर घातला होता. त्याच्या उजव्या बाहीला, मनगटाच्या जरा वर, एक फट होती. उसवलेली नाही. सरळ, स्वच्छ, पानाच्या देठासारखी बारीक. स्मिताने तिच्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं आणि आतल्या मऊ, उबदार कातडीला लागलं.

तिने बोट तिथेच ठेवलं. राजसने दूध सोडून वर पाहिलं, हसला आणि पुन्हा लागला.

अंबुबाई वाकून बघत होत्या. त्यांनीही ती फट पाहिली, स्मिताचं त्यातलं बोट पाहिलं. मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे एक नजर टाकली, हलक्या हाताने राजसची बाही सोडवायला सुरुवात केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हे ह्यांना दाखवू नको गे. हात वेळेवर आडवा आला, असं समजून निजलेत ते.”