बरणीतला मारोती

मारोती घरातून गेला तो भांडून गेला. रुखमाबाईने त्याच्या अंगावर तवा भिरकावला, त्याने तिच्या कानशिलात लगावली, आणि "आता तोंड नाही दाखवत तुले" म्हणत तो पायात वहाणा सरकवून बाहेर पडला. दोघांची भांडणं गावाला नवी नव्हती. दर वेळी दिवेलागणीला तो मुकाट्याने परत येऊन ताटावर बसे. या वेळी पंधरवडा उलटला तरी आला नाही.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा तो वैशाख. बाभुळगावच्या अलीकडे नाल्यावर पूल बांधणं चाललं होतं आणि त्याचा एक खांब दोनदा खचला होता. तेवढ्यावरून बोलवा उठली, की पुलाला माणसाचं मुंडकं पाहिजे. मुंडकी कापणारे गाडी घेऊन हिंडतात म्हणे. पोरंबाळं दुपारची घरात कोंडली जाऊ लागली, शेतावर एकटं जायला गडी कचरू लागले.

रुखमाबाई त्याच पुलावर गिट्टी फोडत होती. आधी ती हातोडीच्या प्रत्येक घावासरशी नवऱ्याला शिवी हासडायची. मग मुकादम हरिसिंग एकदा तिच्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "रुखमाबाई, मारोती खरंच गावाले गेला, का कोनं नेला त्याले?" त्या दिवसापासून तिच्या शिव्या थांबल्या.

अशातच एका भर दुपारी धामणगाव स्टेशनवरून यवतमाळला निघालेला ट्रक नाल्याच्या रेतीत फसला. ड्रायव्हर रहमत यवतमाळचाच, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याने सगळ्यांना बिड्या वाटल्या आणि हात जोडले. "जोर लावा भाऊ. पन जरा जपून, अंदर काचेचा माल हाय."

गड्यांनी खांदा लावला. ट्रक उसळला, आणि मागची एक पेटी घरंगळून खाली आपटली. फळी निखळली. भुश्यातून काचेची बरणी रेतीवर गडगडत गेली आणि एका गड्याच्या पायाशी थांबली. तो किंचाळून मागे सरला.

बरणीत माणसाचं डोकं होतं. मानेसकट. एका बाजूला गाल, मिटलेला डोळा, कान, सगळं शाबूत, पण उकडल्यासारखं पांढुरकं. दुसऱ्या बाजूची कातडी काढलेली. तिथे गळ्यापासून जबड्यापर्यंत शिरा मोकळ्या करून काही लाल रंगाने रंगवल्या होत्या, काही निळ्या.

"कुंकू लावलं हाय त्याले!" कुणीतरी ओरडलं. "पुजा केली हाय!"

झाकण ढिलं झालं होतं. आतल्या पाण्याचा उग्र दर्प सुटला आणि जवळच्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रहमत मधे घुसला. "अरे भाऊ, हे दवाखान्याचं हाय! डॉक्टरकीची पोरं हे पाहून शिकतात. गळ्यात कुठं काय असते, कुठं चिरायचं, कुठं नाही..."

"चिरायचं शिकतात!" हरिसिंगने त्याची गचांडी धरली. "रुखमाबाईले बोलवा रे!"

रुखमाबाई आली ती हातोडीसकटच आली. लोकांनी वाट दिली. तिने बसकण मारली, बरणी मांडीवर घेतली आणि ती त्या अर्ध्या तोंडाकडे पाहू लागली. डोळे चुरचुरत होते, धड दिसत नव्हतं. केस नव्हते, मिशी नव्हती. कानाच्या पाळीला भोक होतं. मारोतीच्याही होतं. गावातल्या अर्ध्या गड्यांच्या कानाला होतं, पण ते तिला त्या क्षणी कुठून सुचणार? पंधरा रात्री तिने हेच तोंड डोळ्यांपुढे आणलं होतं.

"हाच हाय," ती म्हणाली. "माहा मारोती हाय."

"बाई, अल्लाकसम," रहमत कळवळून वाकला, "हा लई जुना..."

पुढचं तिने बोलूच दिलं नाही. उठता उठता हातोडी त्याच्या तोंडावर हाणली. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून गुडघ्यावर आला, आणि मग गर्दी त्याच्यावर तुटून पडली. पहारी, फावडी, गिट्टी, ज्याच्या हाती जे आलं ते. हरिसिंगने त्याला पायाला धरून खांबापर्यंत ओढत नेलं. "घे, पाहिजे होतं ना मुंडकं!" असं ओरडत त्याचं डोकं खांबावर आपटलं. एकदा नाही, हात थकेपर्यंत. रेती लाल झाली. कुणी ट्रकला काडी लावली.

रुखमाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने बरणी पदराखाली घेतली होती आणि काचेवर हात आपटून आपटून ती बांगड्या फोडत होती. फौजदार आला तेव्हा दोन शिपायांना तिच्या हातून ती बरणी सोडवावी लागली. त्याने हरिसिंगला आणि आणखी काही गड्यांना बांधून नेलं. नवरा गमावलेली बाई म्हणून तिला तेवढी घरी सोडली.

तिसऱ्या दिवशी मारोती आला.

फुलसावंगीकडे तो विहिरी खणायला गेला होता. आपण मेल्याचं त्याला बाभुळगावच्या मोटार स्टँडवर कळलं. तो दारात उभा राहिला तेव्हा जमलेल्या बाया किंकाळ्या मारत पळाल्या. रुखमाबाई उठली, त्याच्या तोंडावरून, कानावरून हात फिरवला. मग दोन्ही मुठींनी त्याला बडवू लागली.

"काहून आला? आता काहून आला रे तू?"

मारोती मार खात उभा राहिला.

तशीच ती ठाण्यात गेली. फौजदारासमोर उभी राहून म्हणाली, "पहिला घाव माहा हाय. मले धरा."

बरणी कपाटावर होती. तिने विचारलं, "हा कोन होता मंग, साहेब?"

"बेवारशी असंल कोनी. मेल्यावर कोनी न्यायले आलं नसंल."

बाहेर ओट्यावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. रहमतची बायको जोहराबी. प्रेत ताब्यात घ्यायला आलेली. शिपायाने रुखमाबाईला बाहेर आणलं आणि हीच ती म्हणून बोट दाखवलं, तशी जोहराबी उठली आणि रुखमाबाईच्या झिंज्या धरून तिला ओट्यावरून खाली ओढलं. लाथांनी तुडवलं, नखांनी तोंड ओरबाडलं. शिपाई मधे पडायला गेला, तर रुखमाबाईच म्हणाली, "मारू द्या तिले."

जोहराबी दमली. धापा टाकत खाली बसली.

"मले तोंडच नाही ठेवलं तुमी त्याचं," ती म्हणाली. "सदऱ्यावरून ओळखलं मी त्याले. तुह्याजवळ निदान अर्धं तोंड होतं."



खटला यवतमाळला चालला. हरिसिंगला जन्मठेप झाली, रुखमाबाईला सात वर्षं. तिने वकील नाकारला होता. न्यायाधीशांनी काही सांगायचंय का म्हणून विचारलं, तेव्हा ती मान हलवून नाही म्हणाली. ती जेलच्या गाडीत चढत असताना मारोती गर्दीतून पुढे घुसला आणि त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"घरी जाय," ती म्हणाली. "अन् कुठं गेला तर सांगून जात जाय."