दरीकडची खिडकी

“अवो, ह्या अंगाला बसा की! दरी इकडनं दिसती म्हणत्यात,” शालनबाई खिडकीजवळची जागा पदराने झटकत म्हणाली.

“तू बस. मी लई बघितलीया दरी,” असे म्हणून सयाजी माणसे ओलांडत पलीकडे, कड्याच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला. डोक्यावरचा पंचा त्याने पुढे ओढून घेतला.

लोणावळा नुकतेच मागे पडले होते. शालनबाईच्या मनात पाल चुकचुकली. खरे तर ती चिंचवडच्या फलाटापासूनच चुकचुकत होती, पण आता तिला राहवेना. घाट बघायला म्हणून गाडीत बसायचे आणि नेमके घाटाकडे पाठ करायची, हे कुठले लक्षण?

सयाजी रेल्वेत सांधेवाला होता. रुळांचा सांधा या बाजूचा त्या बाजूला फिरवायचा, हे त्याचे काम. त्याने उमेदीची अकरा वर्षे याच घाटातल्या एका एकाकी केबिनीत काढली होती आणि तेवढी सगळी वर्षे शालनबाईने गावी, निघोज्याला सासूच्या हाताखाली. महिन्यातून एकदा घरी यायचा, दोन रात्री राहायचा, की पुन्हा घाटात. तीन वर्षांपूर्वी सासू गेली आणि मग त्याची चिंचवडला बदली झाली. क्वार्टर मिळाले आणि तेव्हा कुठे दोघांचा संसार सुरू झाला.

रेल्वेचा फुकट पास दरवर्षी मिळायचा. सयाजीने तो कधी जेजुरीचा काढला, कधी कोल्हापूरचा, कधी सोलापूरचा. घाटाचे नाव काढले की म्हणायचा, “काय हाय तितं? दगडं.” शेजारची अंबुबाई मात्र खंडाळ्याचे धबधबे आणि मुंबईचा समुद्र बघून आली होती आणि नळावर तासभर त्यांचीच कौतुके सांगत बसली होती. तिचा नवरा पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला जरा वजन असायचे. जाता जाता ती हळूच शालनबाईच्या कानाशी लागली.

“अकरा वर्सं गडी एकटा ऱ्हातो व्हय गं? भाकरी कोन थापत हुतं त्याची?”

झाले! त्या दिवसापासून शालनबाईच्या घशाखाली नीट घास उतरेना. ‘माझी मीच थापायचो,’ असे सयाजी सांगायचा. पण ती तापाने आडवी झाली तेव्हा या बाबाने थापलेली भाकरी तव्यावरून निघता निघेना. अकरा वर्षे भाकरी थापणाऱ्याचा हात असा असतो होय? म्हणून यंदा तिने सरळच सांगितले, “घाट न् समुद्र दाखवा, न्हाईतर त्यो पास घाला चुलीत.”

समोर चाकण नाक्यावरच्या कादर मेस्तरीची बायको, रहमतबी बसली होती. वाट पायाखालची असल्यासारखी ती एकेक दाखवत होती. “भाबी, आता बोगदा येईल बगा. संपला की डाव्या हाताला पानी!” मधेच तिने डबा उघडून गुलगुले पुढे केले.

“माजा उपास हाय,” शालनबाई म्हणाली.

त्या दिवशी ना सोमवार होता ना एकादशी. पण परक्या हातचे खायचे नाही हा सासूने घालून दिलेला नेम, आणि सासूच्या माघारी तर शालनबाई तो जास्तच कडक पाळायची. प्रवासातले पाणीसुद्धा घरचे, तांब्यात फडक्याने बांधून आणलेले. रहमतबी समजली. तिने डबा मिटला.

बोगदा संपला आणि खरोखरच पाणी आले. काळ्या कड्यावरून ते सुटत होते आणि खाली पोचायच्या आत त्याचा धूर होत होता. दरीत ढग बसले होते. त्यांच्या फटीतून खाली कर्जतकडची भाताची खाचरे दिसत होती, हिरवीगार. शालनबाई आपला संशय विसरून गजांना नाक लावून बघत राहिली. मग एकदम तिला राग आला. एवढे सगळे हा माणूस रोज बघत होता आणि घरी येऊन म्हणायचा, दगडं!

तिने वळून पाहिले. सगळा डबा दरीच्या बाजूला लोटला होता. तो एकटाच पलीकडे, हातभर अंतरावरच्या ओल्या कातळाकडे तोंड करून बसला होता.

तेवढ्यात गाडी एका केबिनीपाशी थांबली. उतरणीला लागलेली प्रत्येक गाडी या केबिनीपाशी थांबायचीच. इथला सांधा कायम डोंगराकडे चढणाऱ्या आडरुळाला लावलेला असे, म्हणजे ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी. येणारी गाडी सुटलेलीच आहे असे धरून चालायचे. ड्रायव्हरने थांबून शिट्टी दिली की मगच सांधा सरळ करायचा. हे सयाजीनेच तिला एकदा सांगितले होते. तिलाही नवऱ्याच्या बाबतीत हाच कायदा बरा वाटू लागला होता.

खालून एक कातकरीण वर आली. पार वाकलेली, डोक्यावर काकड्यांची पाटी. विकणे राहिले बाजूला, ती खिडकीखिडकीशी थांबून विचारत होती, “चिंचवडचं कोन हाय का गाडीत?”

“ह्या भाबी हायत ना चिंचवडच्या,” रहमतबी म्हणाली.

म्हातारीने मान वर केली. “आमचा सायाजी हाय तितं, सांधेवाला. वळखतीस का गं, बाय?”

शालनबाई गजांशी वाकली. “कोन लागतो तुजा?”

“ल्योक.”

सयाजीच्या आईच्या तोंडात शेवटचे पाणी शालनबाईनेच घातले होते. मग ही कोण? तिने मागे बघितले. पंचा हलला नव्हता. पण त्याच्या मुठीने खिडकीचा गज आवळून धरला होता.

“हिवतापानं पडला हुता केबिनीत. दवा न्हाई, मानूस न्हाई,” म्हातारी सांगत होती. “आमच्या खोपीत नेला उचलून. तवापासनं माज्याच हातचं खायाचा. आये म्हनायाचा मला. बदली झाली न् गेला, त्यो एकदा बी आला न्हाई.” मग बोळके पसरून ती हसली. “बायकू लई नेमाची हाय म्हनं त्याची.”

गाडीने शिट्टी दिली. म्हातारीने घाईघाईने कमरेचे गाठोडे सोडून पानात गुंडाळलेली नाचणीची भाकरी गजातून आत सारली. “नव्या सांधेवाल्यासाटी आनली हुती. त्याला दुसरी थापीन. ही सायाला दे. माज्या हातची वळखंल.”

सांधा फिरल्याचा खटका झाला. गाडी हलली. भाकरी शालनबाईच्या ओंजळीत होती, अजून कोमट. ‘हा बघ, इथं बसलाय’ हे शब्द तिच्या ओठांवर आले तोवर म्हातारी मागे पडली होती.

ती उठून नवऱ्याजवळ गेली. “गेली ती. आता काडा त्यो पंचा.”

सयाजीने पंचा काढला. डोळे लाल झाले होते.

“म्हनून आनत नव्हतासा मला हिकडं?”

“तुला कळलं असतं तर माजं ताट येगळं केलं असतंस,” तो खाली बघत म्हणाला. “आईनं तर उंबऱ्यात घेतलं नसतं.”

“आन् म्हनून तिला तोंड दावलं न्हाई?”

“समद्यांम्होरं लेका म्हनून हाक मारली असती तिनं. आन् तू हुतीस.”

शालनबाई त्याच्या शेजारी टेकली. अंबुबाई म्हणत होती तसे काही निघाले असते तर बरे झाले असते, असे तिला क्षणभर वाटले. भांडता आले असते, ऊर बडवून घेता आला असता, माहेरची वाट धरता आली असती. आता भांडायला समोर कुणी उरले नव्हते. दोषी ती स्वतःच होती आणि तिला ते कळत होते.

“येताना थांबती का गाडी तितं?” तिने विचारले.

“न्हाई. चढाला थांबत न्हाई. मागनं इंजान ढकलत नेतं.”

तिने पान उलगडले. भाकरीचा एक तुकडा मोडला, हातात धरला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

“कमीच घालती ती.”

तिने उरलेली भाकरी त्याच्या हातावर ठेवली. रहमतबी बघत होती. “भाबी, उपास सुटला वाटतं?”

“सुटला,” शालनबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसले.

भाकरी हातात घेऊन सयाजी उठला. दरीकडच्या खिडकीशी जाऊन, गजांना गाल लावून तो मागे बघत राहिला. गाडी एक वळण घेऊन गेली, मग दुसरे.

“काय दिसतंय का?” तिने विचारले.

“दगडं,” तो म्हणाला.