बुरोंडीने न पाहिलेले शेवटचे रीळ

मित्रांनो, मी एक जुना सिनेमा आहे, आणि तोही गुंडांचा. लगेच नाक मुरडू नका. बुरोंडीत एका पडवीच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात, माझे आता एकच रीळ उरले आहे.

मला घडवणाऱ्यांचे हात तोकडे होते. मुंबईच्या गिरणीतली माणसे सुट्टीच्या दिवशी माझ्यात नट व्हायची. दादा झाला तो बुरोंडीचा भिकाजी. तो गोदीतून माल पळवतो, जिवलग मित्राला सुरा मारतो, त्याचे तान्हे पोर उचलून नेतो. शेवटच्या रिळात मात्र ते पोर आईच्या ओटीत घालतो आणि स्वतःहून पोलिसांपुढे हात करतो. त्या शेवटासाठीच तर मी जन्मलो.

संगमेश्वरच्या काशीरामने मला विकत घेतले आणि तंबू घेऊन गावोगाव फिरवले. मंडणगडात माझ्या शेवटाला बायका पदराने डोळे पुसत. मला फार बरे वाटे.

मग बुरोंडी आली. आपला भिकाजी पडद्यावर म्हणून सारा गाव लोटला. भिकाजीही रजा काढून आला होता. सुरा चालला, पोर पळवले, आणि जनरेटरचे डिझेल संपले. शेवटचे रीळ डब्यातच राहिले. लोक चटया झटकून घरी गेले आणि काशीराम सकाळी पुढच्या गावाला.

तंबूतून निघताना भिकाजीला शेजारच्या लवूने हाक मारली, "काय रे सुरेवाल्या?" सगळे हसले. थट्टाच होती ती, पण नाव चिकटले. गिरणी बंद पडून भिकाजी गावी परतला, तेव्हा आया त्याच्या नावाने पोरांना भीती घालत होत्या. होडीवरचे जाळे हरवले की नजरा त्याच्या दाराकडे वळत. त्याची सोयरीक काही जमली नाही. शेवट दाखवायला ये, असे निरोप त्याने काशीरामला कितीदा धाडले. पण तोवर घरोघरी टीव्ही आला आणि तंबू गुंडाळला गेला. मी काशीरामच्या माळ्यावर गेलो. दमट हवेने माझे वेढे चिकटले, अंगाला आंबट वास सुटला. मला कोणी हाकच मारीत नसे. भिकाजीला मारत, पण त्या नावाने.

यंदा काशीरामची नात शमिका माझे डबे भंगारात द्यायला निघाली. म्हातारा म्हणाला, "शेवटचा डबा ठेव. तो भिकाजीचा हाय." तिने तो बुरोंडीला पोचवला.

बाहेरचे थोडे वेढेच सुटले. नशीब, शेवटच्या खेळानंतर मला कोणी उलटे गुंडाळले नव्हते, म्हणून माझा शेवट तिथेच होता. भिकाजीने लवूला आपल्या पडवीत बोलावले. तंबूत बसलेल्या जाणत्यांपैकी आता तोच उरला होता. लवूने फीत उन्हाकडे धरली आणि डोळे बारीक करून चित्रामागून चित्र पाहिले.

"पोर परत दिलंस तू?"

"व्हय."

"मंग इतकी वर्सं बोलला का नायस?"

"बोललो व्हतो. तुमी हसलात."

लवूने फीत जपून खाली ठेवली. मग म्हणाला, "भिकाजी, च्या टाक."

त्या पडवीत ते नाव कितीतरी वर्षांनी कोणी घेतले होते.

मित्रांनो, जुना सिनेमा जपा, असे मी म्हणायला हवे. मला जपा, नाहीतर राहू द्या. पण कोणाला नाव ठेवण्याआधी त्याचे शेवटचे रीळ पाहून घ्या. ते मिळाले नाही, तर त्यालाच विचारा. आणि तो सांगू लागला, तर हसू नका.