घशातल्या पहारेकऱ्याची हाक

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो. जुना म्हणजे दोन-तीन दिवसांचा. आम्हां प्रथिनांत एवढे वय म्हणजे म्हातारपणच! शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घशातल्या पेशीत माझा जन्म झाला.

माझे काम सोपे. पेशीच्या स्वतःच्या निरोपांना, म्हणजे आरएनएच्या धाग्यांना, टोकाशी टोपी असते, विषाणूच्या निरोपाला ती नसते. असा बोडका निरोप दिसला की मी हाकाटी करायची. मग इंटरफेरॉन नावाचे निरोपे शेजारच्या पेशींकडे धावतात, शेजारी दारे लावून घेतात आणि बाईंना ताप चढतो.

माझा थोरला भाऊ इथेच राहतो. तोही प्रथिनच. त्याचे काम मला गप्प करण्याचे. हसू नका! माझी ओरड थांबलीच नाही, तर सूज वाढून घरच जळेल. म्हणून काम झाले की तो माझ्या पाठीला चिठ्ठी लावतो आणि चिठ्ठीवाल्याला पेशीची चक्की दळून टाकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काल विषाणू आला. मी ओरडलो, पण हा बारा गावचे पाणी प्यालेला. त्याने पेशीकडून थोरल्या भावासारखे शेकडो भाऊ आधीच घडवून घेतले होते. निरोपे निघण्याआधीच माझ्या सोबत्यांच्या पाठींवर चिठ्ठ्या लागल्या. "अजून नाही रे, दादा!" मी म्हणत राहिलो. दादा आपला इमानाने काम करत राहिला.

घशात राहिल्यामुळे बाहेरचे बोलणे ऐकू येते.

"आवाज बसलाय तुझा," आज सकाळी बाईंचे यजमान म्हणाले. "बाबांकडे नको जाऊस. त्यांची छाती आधीच अधू."

"अहो, ताप कुठंय? हात लावून बघा."

"नाहीये खरा."

"मग? बाबा माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाहीत."

या घरात हीच रीत: कपाळ गार, म्हणजे माणूस बरा. कपाळ गार का आहे, ते मला ठाऊक होते. मी जीव तोडून ओरडलो, पण ऐकणार कोण?

आता बाई वडिलांच्या खाटेशी बसल्या आहेत. माझ्याही पाठीला चिठ्ठी लागली आहे. मित्रांनो, घसा धरला असेल, तर नुसत्या गार कपाळाच्या भरवशावर अशक्त माणसाजवळ जाऊ नका. ताप नाही याचा अर्थ कधीकधी आमची हाक दाबली गेली, असाही असतो. तुम्हांला सांगून या दोघांना काही उपयोग नाही, हे मला कळते.

"सूप गरम आहे हं, बाबा," बाई म्हणतात. "थांबा, फुंकर घालते."