खेकड्यांचा पंक्तिप्रपंच

रावेतचा निमिष खेकड्यांच्या खाद्यात मिसळायची पावडर विकत होता, आणि खेकडा त्याने आजवर फक्त ताटात पाहिला होता. त्याआधी तो चाकणच्या कंपन्यांना रंगात घालायची रसायनं विकायचा. रंग काय नि खेकडा काय, कशात तरी काहीतरी घालायचंच, असा त्याचा हिशेब. साहेबांनी मात्र बजावलं होतं, "एका तरी खेकडेवाल्याचा पावडरची तारीफ करणारा व्हिडिओ आण. नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरीच बस."

म्हणून तो तळवड्याला यशोदाबाईंच्या शेडमध्ये उभा होता. पूर्वी तिथे लेथ चालायचे. आता भिंतीलगत खणांसारखे रचलेले डबे, त्यात खारं पाणी, आणि डब्यागणिक एकच खेकडा, कारण दोन ठेवले तर उरतो एकच. कात टाकताना खेकडे दगावतात. पावडरने ते थांबतं आणि अंगही धरतात, असा निमिषचा दावा. यशोदाबाईंनी महिन्याची मुदत दिली होती, ती आज संपली. डाव्या रांगेला माशाचे तुकडे पावडर चोळून, उजवीला नुसते. फरक दिसला तर व्हिडिओ, नाहीतर चहा पिऊन चालू लागायचं.

"काकू, करायचं सुरू?" निमिषने मोबाइल सरसावला.

"आधी तूच बोल बाबा. काय बोलायचं असतं ते कळू दे मला."

निमिष खुलला. डावीकडचा एक खेकडा नांग्या उगारून पुढे आला. "बघा ही चमक! हा जोर! सगळी पावडरची कमाल." मग उजवीकडे वळून त्याने सुस्कारा टाकला. "आणि हे बिचारे. फिके, मरगळलेले. पावडर नाही, म्हणून हे हाल!"

कोपऱ्यात मासे चिरत बसलेले यशोदाबाईंचे यजमान, मालोजी, खाकरले. "त्यास्नीबी दिलीया."

"काय?"

"पावडर. रोजच."

यशोदाबाई गर्रकन वळल्या. "अहो, डावीकडेच घाला म्हणून सांगितलं होतं ना?"

"समोरासमोर बसवून एकाला तूप अन् दुसऱ्याला कोरडं? आपल्या घरात पंक्तिप्रपंच कधी झाला न्हाई. त्यो उजवीकडचा तर डोळं बाहेर काढून बघत व्हता."

"खेकड्याचे डोळे बाहेरच असतात!"

"असंनात का. बघत व्हता न्हवं?"

निमिषचा चेहरा उजव्या रांगेपेक्षा फिका पडला. मोबाइल अजून चालूच होता. "मग हे असे का दिसतायत?"

"डावीकडच्यांनी आधीच कात टाकली, यांनी परवाच. नवं कवच फिकंच असतं..." यशोदाबाई बोलता बोलता थांबल्या. दर खेपेला कातीत तीन-चार तरी जायचेच. त्यांनी एकेक झाकण उघडून पाहिलं. "अगंबाई! या वेळी एकही गेला नाही."

"काकू, हेच बोला! प्लीज!"

"बोलते. पण खरं असेल ते सगळं बोलणार. आणि इथेच, माझ्यासमोर पाठवायचं."

निमिषने मान हलवली. यशोदाबाईंनी पदर सारखा केला.

"पावडर चांगली आहे. आमचा एकही खेकडा कातीत गेला नाही. मात्र विकणाऱ्या पोराचं काही ऐकू नका. त्याला खेकड्यातलं ओ की ठो कळत नाही."

निमिषने डोळे मिटून बटण दाबलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "वा! इतका खरा वाटणारा व्हिडिओ कुणी आणला नव्हता. तू कायम. आणि चाकणचे खेकडेवाले किसनराव, त्यांनी व्हिडिओ बघून लगेच माल मागवलाय."

नोकरी जमा, अब्रू खर्ची. निमिषला सौदा परवडला. "उद्या सकाळीच पोचवतो, साहेब!"

"तू नको," साहेब म्हणाले. "टेम्पोने पाठव. तशी अटच घातलीय त्यांनी."