गुरुजींच्या प्लॉटवरचं काम

नवनाथने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, घर पाडायचं ठरलंय. नव्या बिल्डिंगचा प्लॅन मात्र तुम्हीच काढून द्या. बाबांचा तुमच्यावर फार जीव होता."

छाया आणि समाधान यांनी कॉलेज रोडच्या एका गाळ्यात ऑफिस थाटलं, तेव्हा पहिलं काम मिळालं ते नवनाथच्या वडिलांचं. सातपूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या कारभारी गुरुजींनी आयुष्यभराची पुंजी या दोन नवख्या आर्किटेक्टांच्या हवाली केली होती. प्लॉटच्याच मातीच्या, यंत्रात दाबून घडवलेल्या विटा, बिनगिलाव्याच्या भिंती, गरम हवा निघून जायला छताशी झरोके. मे महिन्यात गुरुजी भेटेल त्याला घरात ओढून नेत, "बसा जरा, पंखा लावत नाही," म्हणत. त्या घरावरच पुढची कामं मिळाली. गुरुजी गेले ते गेल्या दिवाळीत.

नवनाथ गेल्यावर समाधान म्हणाला, "हे काम आपण घ्यायचं नाही."

"आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल. घर तर पडणारच."

"पडू दे. आपल्या सहीने नको."

राग यावा, निदान रडू यावं, म्हणून छायाने क्षणभर वाट पाहिली. काहीच आलं नाही. "मी हो म्हणून बसलेय," ती म्हणाली.

घर पाडायला घेतलं त्या दिवशी ती साइटवर गेली. भिंती दाद देत नव्हत्या. घणवाले घामाघूम होऊन शिव्या घालत होते. विटा अख्ख्या निघतायत हे बघून तिने लहानूला फोन लावला. या भिंती त्यानेच रचल्या होत्या आणि हल्ली मखमलाबादला त्याचं स्वतःचं घर बांधायचं चाललं होतं.

"लहानूभाऊ, विटा घेऊन जा. फुकट."

तो जरा घुटमळला. "मॅडम, मला तर लय आवडल्या असत्या. पण पोरं ऐकत नाय. म्हणत्यात, मातीत जल्म गेला, आता शिमिटचंच पायजे."

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला. विटा नव्या जोत्याच्या भरावात गेल्या. तिने घरी जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली आणि गाढ झोपली.

समाधानने पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. भांडण असं झालंच नाही. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सांभाळ." ती म्हणाली, "हो." पाटीवरचं त्याचं नाव काढायचं राहूनच गेलं.

बिल्डिंग उभी राहिली. प्लॉटवरची जुनी विहीर तरी आपण वाचवू, असं छायाला वाटलं होतं. तिथे पार्किंग आलं. वास्तुशांतीला नवनाथची बायको संजना तिला पहिल्या पंगतीला बसवून आग्रहाने जिलबी वाढत होती. मग हळूच तिने विचारलं, "ताई, ते घर पाडताना तुम्हाला काही वाटलं नाही? मी तर आठ दिवस रडले."

"नाही," छाया म्हणाली. ते खरं होतं.

संजनाचा वाढता हात थांबला. जेवण झाल्यावर ती छायाला फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. हॉलच्या खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता. "गार वाटतंय ना?" संजनाने विचारलं.

"छान वाटतंय," छाया म्हणाली आणि पर्समधून सुपारी काढून तोंडात टाकली.